खारूचं ग्राफिक्स कार्ड

एखाद्या माणसाने "हे काम आता मीच करणार" असं म्हटलं की त्या कामाचे बारा वाजले म्हणून समजावं. चावीवाल्यांनी तसं म्हटलं होतं, तेही सकाळी सकाळी, चहाचा कप हातात असताना, सगळ्या घरासमोर. त्यामुळे आता माघार नव्हती.

चावीवाले म्हणजे पाणीपुरवठा खात्यातले व्हॉल्व्हमन. खांद्यावर चार फुटी लोखंडी चावी टाकून रस्त्यातली झाकणं उघडायची, या भागाचं पाणी सोडायचं, त्या भागाचं बंद करायचं, यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. त्यांना नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. बायकोसुद्धा शेजारणींपाशी "आमचे चावीवाले" असंच म्हणायची. माणूस कामाला चोख, बोलायला तिरसट. पाणी कमी असलं की कधी पूर्ण बंद करायचं नाही, नुसती धार बारीक करायची, हे त्यांचं तत्त्व. बंद केलं तर लोक हंडे घेऊन अंगावर येतात. धार बारीक केली तर बिचारे आपल्याच टाकीत काही बिघाड आहे समजून गप्प राहतात. नव्या पोरांना ते हे मोठ्या अभिमानाने शिकवायचे.

तर त्यांनी अंगावर घेतलेलं काम होतं लेकीच्या जुन्या कॉम्प्युटरसाठी ग्राफिक्स कार्ड आणायचं.

लेकीला घरात सगळे खारू म्हणत. वय वर्षं सव्वीस, नोकरी कुरिअर कंपनीत, काम दिवसभर पार्सलांवरचे पत्ते कॉम्प्युटरात भरायचं. पण तिचा जीव अडकलेला होता हलत्या चित्रांत. अठराव्या वर्षी तिने एक गोष्ट रचली होती. एका तीन पायांच्या खुर्चीची. ती घरभर फिरून आपला चौथा पाय शोधते. तीन मिनिटांची फिल्म. अ‍ॅनिमेशन शिकवणाऱ्या एका नामांकित संस्थेत प्रवेशासाठी ती पाठवायची होती. पण तेव्हा कॉम्प्युटर सारखा अडखळायचा, चित्र गोठायचं, केलेलं काम पुसलं जायचं. शेवटी जेमतेम चाळीस सेकंदांचा तुकडा पाठवला आणि नकार आला. "मला नाही जमलं," एवढंच म्हणून पोर जी गप्प झाली ती आठ वर्षं पत्ते भरत राहिली.

आता एवढ्या वर्षांनी तिने पुन्हा उचल खाल्ली होती, कारण संस्थेच्या जाहिरातीत वयाची अट होती सव्वीसपर्यंत. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. फिल्म पोचवायला सत्तावीस दिवस होते. आणि घरात होता तोच जुना कॉम्प्युटर.

घोडं कुठे अडलं होतं, ते खारूने घरच्यांना नीट समजावून सांगितलं होतं. फिल्ममधलं प्रत्येक चित्र कॉम्प्युटरला रंग-सावल्यांसकट स्वतः काढावं लागतं. सेकंदाला चोवीस, म्हणजे तीन मिनिटांची चार हजार तीनशे वीस चित्रं. आपला म्हातारा एका चित्राला वीस मिनिटं घेतो. म्हणजे क्षणभरही बंद न करता साठ दिवस. ग्राफिक्स कार्ड हे फक्त चित्रंच काढणारं यंत्र. ते बसवलं की हेच काम सहा-सात दिवसांत होतं. आपल्या कॉम्प्युटरला ते नाही, सगळा भार मुख्य प्रोसेसरवरच पडतो. महाग नको, साधं चालेल, असंही ती म्हणाली. रविवारी कॅबिनेट उचलून दुकानात न्यायचं आणि पगारातून कार्ड बसवून आणायचं, हेही तिने ठरवून टाकलं होतं.

तिथे चावीवाले आडवे आले. कार्ड मी आणणार, म्हणाले. पोरीच्या पहिल्या खटपटीच्या वेळी आपण तिच्या पाठीशी उभे राहिलो नाही, हे त्यांना आत कुठेतरी टोचत होतं. या वेळी ते भरून काढायचं, असं त्यांच्या मनात. हेतू चांगलाच होता हो. पण चांगल्या हेतूचा माणूस वाटेत उभा राहिला की त्याला बाजूला हो म्हणायचीही चोरी असते. खारू "बरं" म्हणाली आणि ऑफिसला गेली.

आणि मग पुढचे सोळा दिवस काय चाललं होतं, ते ऐका.

पहिल्या दिवशी चावीवाले बाजारातल्या मोठ्या दुकानात गेले. तिथल्या विक्रेत्याने विचारलं, बोर्ड कोणता आहे. हे म्हणाले, काळा. त्याने विचारलं, पॉवर सप्लाय किती वॉटचा. हे म्हणाले, घरात लाइट व्यवस्थित असते. कॅबिनेटमध्ये आत जागा किती, हा प्रश्न आल्यावर मात्र चावीवाल्यांचा पारा चढला. मी कार्ड घ्यायला आलोय की मुलगी दाखवायला, असं त्यांनी ऐकवलं. विक्रेता बिचारा सोशिक निघाला. त्याने अठरा कार्डं मांडून दाखवली. कुणाला दोन पंखे, कुणाला तीन, एकाला तर रंगीबेरंगी दिवे. बंद डब्याच्या आत दिवे कुणासाठी, असं यांनी विचारलं तर तो म्हणाला, काचेचं कॅबिनेट येतं. मग काचेच्या कॅबिनेटला नवा पॉवर सप्लाय, त्याला शोभेल असा नवा बोर्ड, असं करत करत कार्ड बसवण्यासाठी कॉम्प्युटरच बदला, इथवर गाडी आली. नाकापेक्षा मोती जड, असं पुटपुटत चावीवाले रिकाम्या हाताने घरी आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मेहुण्याला फोन केला आणि स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला.

मेहुणा म्हणजे खारूचा मामा. विम्याच्या ऑफिसात नोकरीला. त्याच्या स्वतःच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, पण मोबाइलवर कार्डांची परीक्षणं बघून बघून तो उंटावरचा शहाणा झाला होता. सोमवारी त्याने एक मॉडेल छातीठोकपणे सांगितलं. मंगळवारी सकाळी कळवलं की ते गरम होतं, घेऊ नका. बुधवारी दुसरं सांगितलं. गुरुवारी त्याने अभ्यास करून एक मोठा तक्ता पाठवला, त्यात एकतीस कार्डं होती आणि प्रत्येकापुढे त्याने काही ना काही खोट काढली होती. शुक्रवारी म्हणाला, भाऊजी, जरा दम धरा, पुढच्या महिन्यात नवीन मॉडेल येतंय, मग जुनी उतरतील. पुढच्या महिन्यात अर्जाची मुदत संपलेली असेल, हे खारूच्या आईने त्याला फोनवर दोनदा सांगितलं. ती दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर बसायची. दिवसाला दोनशे माणसांना एकच गोष्ट दोनदा सांगायची तिला सवय होती, पण भावापुढे तिनेही हात टेकले.

खारू रोज सकाळी डबा भरताना फक्त आकडा सांगायची. चोवीस. बावीस. एकोणीस. तेवढंच म्हणायची आणि चपला घालायची. घरी आल्यावर त्याच मरतुकड्या कॉम्प्युटरवर, अडखळत का होईना, पुढची हालचाल बसवत राहायची.

आता कुणीही विचारेल, अहो, कॅबिनेट उघडून एकदा आत बघायचं ना, जागा किती, वॉट किती, सगळं तिथेच लिहिलेलं असतं. मेहुण्यानेही एवढी एक गोष्ट शहाणपणाची सांगितली होती. पण तिथेच तर मेख होती. कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूवर एक चांदीच्या रंगाचा कागदी स्टिकर होता. 'हे सील तुटल्यास वॉरंटी संपेल.' कॉम्प्युटर घेतला होता एका फोटो स्टुडिओकडून, तो बंद होताना, जुना म्हणून. वॉरंटी संपून दहा वर्षं झाली होती. तो विकणारा दुकानदारही आता कुठे होता कुणास ठाऊक. पण चावीवाल्यांनी व्हॉल्व्ह फिरवता फिरवता उभा जन्म पाण्याच्या मीटरांना सीलंही ठोकली होती. सील तोडणाऱ्या भल्याभल्यांना त्यांनी दंड भरायला लावला होता. सील ते सील, ते म्हणाले. आपण तोडायचं नसतं.

म्हणून त्यांनी काय केलं, तर कॅबिनेटची मापं बाहेरून घेतली. टेप लावून. खोली सत्तेचाळीस सेंटीमीटर भरली. दुकानात पसंत केलेलं कार्ड होतं एकतीस सेंटीमीटरचं. सोळा सेंटीमीटर शिल्लक राहतात, आणखी काय पाहिजे, असा हिशोब करून चौदाव्या दिवशी त्यांनी एकदाचं कार्ड आणलं.

घरात जरा आनंद झाला. तेवढ्यात मेहुण्याचा फोन. एवढ्या मोठ्या कार्डाला जुना पॉवर सप्लाय पुरणार आहे का, ते बघितलंत का? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, भाऊजी? पाण्याची म्हण पाणीवाल्यालाच ऐकवलेली. चावीवाल्यांना ती झोंबली, पण पटलीही. दुकानदार म्हणाला होता, खोक्याचं सील तोडलं नाहीत तर सात दिवसांत परत घेईन. म्हणून मग कार्डाचं खोकंही उघडायचं नाही, असं ठरलं. एक सील कॅबिनेटला, एक सील खोक्याला. दोन्ही शाबूत, समोरासमोर टेबलावर ठेवलेली. आणि तीन दिवस चावीवाले मधे खुर्ची टाकून विचार करत बसलेले.

आकडा अकरावर आला त्या सकाळी खारूने डबा भरला नाही. ऑफिसला फोन करून रजा सांगितली, सगळ्या वायरी उपसल्या आणि कॅबिनेट उचलून दाराशी नेलं.

"बाबा, मी दुरुस्तीवाल्या बाईंकडे चाललेय. तुम्हाला यायचं तर या. मधे बोलायचं असेल तर येऊ नका."

चावीवाले मुकाट्याने स्कूटरवर मागे बसले, कॅबिनेट आणि त्यावर कार्डाचं खोकं मांडीवर घेऊन.

दुरुस्तीवाल्या बाईंचं दुकान बसथांब्यामागे, एका जिन्याखाली. आत माणूस एकच मावेल एवढी जागा, बाकी गिऱ्हाइकांनी पायऱ्यांवर बसायचं. बाईंच्या कपाळावर भिंग बांधलेलं, शेजारी रेडिओ चालू. त्यांनी कॅबिनेट आडवं घेतलं आणि ब्लेडने सील कापलंसुद्धा. चावीवाल्यांच्या तोंडून "अहो" बाहेर पडेपर्यंत चारही स्क्रू टेबलावर होते. बाईंनी झाकण काढलं, धुळीवर ब्रश फिरवला, भिंग डोळ्यावर ओढलं आणि विचारलं की नेमकं काय करून हवंय. खारूने सांगितलं, कार्ड बसवायचंय. चावीवाल्यांनी सीलबंद खोकं पुढे केलं.

बाईंनी खोक्याकडे बघितलंही नाही. "मग हे काय आहे?" त्यांनी बोट दाखवलं.

आत एक कार्ड होतं. आखूड, एका पंख्याचं, धुळीने माखलेलं, पण कार्डच. फोटो स्टुडिओचा कॉम्प्युटर, त्यांच्या कामाला लागतंच, त्यांनी नवा घेतानाच बसवून घेतलेलं असणार, असं बाई म्हणाल्या. मग त्यांनी कॅबिनेट फिरवून मागची बाजू पुढे घेतली आणि पडद्याची वायर कुठे लावत होतात, ते विचारलं. खारूने वरची खाच दाखवली. बाई हसल्या. ही बोर्डाची खाच. कार्डाची खाच ही, खाली. दोन्ही सारख्याच दिसतात. वरच्या खाचेत लावली तरी पडदा लागतो, लिहिणं-वाचणं सगळं होतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. फक्त चित्रांचं काम आलं की जीव जातो, कारण कार्ड बाजूला झोपलेलं. त्यांनी वायर खालच्या खाचेत लावली, अर्ध्या तासात कार्डाचं सॉफ्टवेअर घातलं आणि खारूला तिची फाइल उघडून बघायला सांगितलं.

खारूने फाइल उघडली. तीन पायांची खुर्ची पडद्यावर आली आणि चालायला लागली, एकदाही न अडखळता. एक चित्र काढून बघितलं. दोन मिनिटं लागली.

खारू पायरीवर बसून हसत सुटली. इतकी की डोळ्यांतून पाणी आलं. हे सगळं माझंच कर्तृत्व, ती बाईंना सांगत होती. त्या वर्षी आमच्या घराला रंग दिला, तेव्हा सगळ्या वायरी मीच काढल्या आणि मीच लावल्या. तेव्हा चुकीच्या खाचेत घातली असणार. आणि वर आठ वर्षं रडत बसले, मला जमत नाही म्हणून.

चावीवाले हातातलं खोकं घट्ट धरून उभे होते. रंगकाम झालं होतं परीक्षा संपल्यावर, उन्हाळ्यात. वायर त्याच्या आधीच हलली होती. ती त्यांनी हलवली होती.

हे त्यांना त्या जिन्याखाली, आठ वर्षांनी, पहिल्यांदा आठवलं. खोटं नाही, अगदी पहिल्यांदा. खारूची शाळेची शेवटची मोठी परीक्षा तोंडावर आलेली. चावीवाले पहाटे पाणी सोडून घरी यायचे तर ही कॉम्प्युटरवर डोकं टेकून झोपलेली असायची, समोर पडद्यावर खुर्ची. त्यांना वाटलं, खेळ खेळते. कॉम्प्युटर काढून घेतला असता तर आकाशपाताळ एक झालं असतं. म्हणून त्यांनी ऑफिसातल्या तक्रार खिडकीवरच्या ऑपरेटरला विचारलं, आणि त्याने सांगितलं, मागे दोन खाचा असतील तर खालची वायर वर लावा, कॉम्प्युटर चालू राहील पण खेळ रखडतील. दोन मिनिटांचं काम. बंद करायचं नाही, धार बारीक करायची. परीक्षा झाली की परत लावू, असं त्यांनी ठरवलं होतं. परीक्षा झाली तेव्हा धरणाने तळ गाठला होता, सोळा-सोळा तास ड्युटी होती, आणि ते विसरून गेले.

आणि त्यानंतर, त्या टंचाईच्या दिवसांत, खारू त्यांच्याकडे येऊन म्हणाली होती, बाबा, कॉम्प्युटरला काहीतरी झालंय. तेव्हा ते म्हणाले होते, नाचता येईना अंगण वाकडं. अंगण कुणी वाकडं केलं होतं, ते त्यांना आत्ता कळलं.

त्या क्षणी बोलायला हवं होतं. ते बोलले नाहीत. बाई पैसे सांगत होत्या, खारू हसत होती, आणि कुणी काही विचारतही नव्हतं.

संध्याकाळी मेहुणा आला आणि काखेत कळसा नि गावाला वळसा असं म्हणून पोट धरून हसला. पुढे दोन दिवस त्याने ही गोष्ट विम्याच्या ऑफिसात, नातेवाइकांत, जिन्यात भेटेल त्याला सांगितली. दर वेळी गोष्टीतली वेंधळी खारूच असायची, आणि खारू स्वतः त्यात भर घालायची. चावीवाले उठून गॅलरीत जायचे. नवं कार्ड परत करून आले, दुकानदाराशी हुज्जतसुद्धा न घालता. आईला शंका आली. बरं नाही का, तिने विचारलं. पित्त झालंय, ते म्हणाले.

तिसऱ्या संध्याकाळी, नऊ दिवस उरले असताना, खारूने अर्जाचं एक पान त्यांच्यासमोर धरलं. तुमचं शुद्धलेखन चांगलं आहे, एकदा नजर टाका, म्हणाली. अर्जात प्रश्न होता, मागच्या अर्जापासून आतापर्यंत काय केलंत आणि पुन्हा अर्ज का करताय. खारूने सरळ लिहिलं होतं की आठ वर्षांपूर्वी माझ्या निष्काळजीपणामुळे वायर चुकीच्या जागी लागली, फिल्म अपुरी राहिली, आणि माझ्यात ते नाही असा मी समज करून घेतला. दोष माझा होता.

चावीवाल्यांनी ते पान दोनदा वाचलं. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. हे पान आता परक्या माणसांच्या हातात जाणार होतं, लेकीच्या सहीनिशी.

"ती वायर मी काढली होती," ते म्हणाले.

खारूला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. परीक्षा, पहाट, ऑपरेटर, दोन मिनिटं. सांगताना ते पानाकडेच बघत होते. त्यांचं संपल्यावर तिने विचारलं, "परीक्षा झाल्यावर परत का नाही लावलीत?"

"विसरलो."

रागाने केलं असतं, मुद्दाम तशीच ठेवली असती, तर तिला भांडायला काही मिळालं असतं. या एका शब्दाशी भांडणार तरी काय? मग तिने त्यांच्या हातातलं पान काढून घेतलं.

"हे पुन्हा लिहावं लागेल," ती म्हणाली. "बाबा, नऊ दिवस आहेत. भांडायला मला आत्ता वेळ नाही. फिल्म जाऊ दे, मग बोलू."

आणि ती वळून कामाला बसली.

ते नऊ दिवस चावीवाल्यांनी कसे काढले, ते त्यांचं त्यांना ठाऊक. खारू त्यांच्याशी बोलत होती. मीठ द्या, पंखा बंद करा, ऑफिसातून उशीर होईल. तेवढंच, आणि अगदी नीट आवाजात. त्यापेक्षा तिने ताट आपटलं असतं तर बरं, असं त्यांना वाटायचं. आईला त्यांनी सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, माझ्याकडे नका बघू, मला तुमची बाजू घेता येणार नाही. कॉम्प्युटर सहा दिवस-रात्र चालू होता. वीज गेली तर काय, या धास्तीने चावीवाले सारखे दिव्याकडे बघायचे. झाकण उघडताना, पाणी सोडताना, ते मनातल्या मनात बोलणं जुळवत होते. तुझ्या भल्यासाठीच केलं. मला वाटलं तू खेळतेस. पाण्याची टंचाई होती. तिन्ही खरं होतं, आणि तिन्हींत काही दम नव्हता.

शेवटच्या दिवशी फिल्म पूर्ण झाली. पाठवण्याआधी खारूने सगळ्यांना खोलीत बोलावलं. आई पलंगावर, मामा दारात टेकून, आणि चावीवाले उभेच राहिले तेव्हा तिनेच म्हटलं, बसा. तीन मिनिटं खुर्ची घरभर फिरली. कपाटामागे बघून आली, पलंगाखाली बघून आली, जिन्यावरून घसरली. सावल्या अशा खऱ्या पडल्या होत्या की मामासुद्धा गप्प झाला. मग खारूने बटण दाबलं आणि फिल्म गेली. बदललेलं पानही गेलं. त्यात तिने काय लिहिलं होतं, ते तिने कुणाला दाखवलं नाही.

आई चहा टाकायला गेली. मामाला तिने नजरेने बोलावून नेलं. खारूने टेबलाजवळचं स्टूल ओढलं आणि बापासमोर येऊन बसली.

"हं. आता बोला."

चावीवाल्यांना नऊ दिवस जुळवलेलं एक वाक्य आठवेना. चुकलं माझं, एवढं ते म्हणाले.

"ते मला कळलं. वायर काढलीत, तेही कळलं. विसरलात, तेही. पण मी तेव्हा तुम्हाला तीनदा येऊन सांगितलं होतं की कॉम्प्युटर बिघडलाय. तिसऱ्यांदा रडत सांगितलं होतं. तुम्ही दुसऱ्यांच्या नळाला पाणी आलं नाही तर पावसात उठून जाता. मग एकदा उठून मागे बघितलं का नाहीत?"

त्यांनी उत्तर शोधलं. टंचाई, ड्युटी, परीक्षा, सगळं ओठांपर्यंत आलं आणि परत गेलं. खरं उत्तर एकच होतं, आणि ते वायरीच्या गोष्टीहून वाईट होतं. पण पोरगी समोर बसली होती आणि सगळं ऐकून घ्यायला तयार होती.

"कारण कॉम्प्युटर बिघडलाय असं मला वाटलंच नाही," ते म्हणाले. "मला वाटलं, तुला जमत नाहीये."

खारूने मान हलवली, हळूच, दोनदा. स्वयंपाकघरात आईने कप मांडले. खारू उठून गेली नाही. ती तिथेच बसून राहिली, त्यांच्याकडे बघत, आणि चावीवाल्यांनी या वेळी नजर खाली घातली नाही.